मठ आणि मध्ययुगीन समाज : ख्रिस्ती मठजीवनाच्या अभ्यासाचा आढावा

जगाचा त्याग करून निघालेल्या माणसांच्या संस्था पुढे युरोपातल्या मोठ्या जमीनदारांमध्ये कशा गणल्या जाऊ लागल्या? ख्रिस्ती मठांच्या इतिहासातला हा जुना प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे दर पिढीला बदलत आली आहेत. या लेखात पश्चिम युरोपातील मठजीवनाचा, साधारण सहाव्या ते सोळाव्या शतकापर्यंतचा, विचार केला आहे. मठांचा सलग इतिहास सांगण्यापेक्षा त्याविषयी अभ्यासकांत झालेले वाद आज कुठे येऊन थांबले आहेत, हे पाहणे हा त्याचा हेतू.

अठराव्या शतकात एडवर्ड गिबनला मठ हे रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचे एक कारण वाटत होते. धडधाकट माणसे राज्यरक्षण सोडून मठात शिरली, असा त्याचा आक्षेप. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांची मालमत्ता जप्त झाली आणि त्यानंतर उलटी लाट आली. शातोब्रिआँ आणि मोंतालांबेर यांच्या लेखनात मठवासी हे ग्रंथ जपणारे, जंगल तोडून शेती वसवणारे, टोळ्यांना सुसंस्कृत करणारे वीरपुरुष झाले. इंग्लंडमध्ये हाच वाद कार्डिनल गॅस्केट आणि केंब्रिजचे जी. जी. कूल्टन यांच्यात रंगला. गॅस्केट यांनी मठांची बाजू मांडली, तर कूल्टन यांनी त्यांच्या पुस्तकांतील चुका शोधून जाहीरपणे मांडण्यात बरीच वर्षे घालवली. डेव्हिड नोल्स हे स्वतः बेनेडिक्टाइन मठवासी. त्यांच्या १९४० च्या इंग्लंडमधील मठांवरील ग्रंथाने या भांडणाला प्रथम संयत रूप दिले.

या सगळ्यांचे एका गोष्टीवर एकमत होते. मठ ही समाजापासून वेगळी काढता येणारी वस्तू आहे, आणि तिचे मोजमाप तिच्या स्वतःच्या नियमावलीने करायचे. नियम पाळला तर उत्कर्ष, ढिला पडला तर ऱ्हास. गेल्या सत्तर वर्षांतील संशोधनाने मुख्यतः हे गृहीतक मोडले, आणि माझ्या मते ते मोडणे आवश्यकच होते.

वाळवंटातून मोंते कासिनोपर्यंत

मठजीवनाची सुरुवात इजिप्तमध्ये झाली. अँटनी (मृत्यू ३५६) एकांतात राहिला. पॅकोमियसने साधारण ३२० च्या सुमारास ताबेनिसी येथे एकत्र राहणाऱ्यांचा समूह उभारला. एकांत आणि समूह या दोन्ही वाटा पुढे हजार वर्षे शेजारीशेजारी चालल्या. पश्चिमेत तूर्सचा मार्टिन, मार्सेयचा जॉन कासियन आणि आयर्लंडहून आलेला कोलुंबानुस यांनी आपापल्या पद्धती रुजवल्या. सहाव्या शतकात इटलीत नुर्सियाच्या बेनेडिक्टने आधी सुबियाको आणि मग मोंते कासिनो येथे मठ स्थापले, आणि ७३ प्रकरणांची एक नियमावली मागे ठेवली.

ही नियमावली वाचताना तिचा व्यवहारीपणा जाणवतो. आठवड्यात दीडशे स्तोत्रे पूर्ण व्हावीत अशी प्रार्थनेची वाटणी, हाताने काम करण्याचे तास, वाचनाचे तास, रोजच्या मद्याचे माप, आजाऱ्यांना सवलत, पाहुण्याचे आदरातिथ्य, खासगी मालमत्तेला सक्त मनाई. पाणी, पिठाची चक्की आणि बाग शक्यतो आवारातच असावी, म्हणजे बाहेर भटकावे लागणार नाही, असेही ती सांगते. मठाधिपतीला ती जवळजवळ संपूर्ण अधिकार देते, पण महत्त्वाच्या निर्णयाआधी सर्वांना, अगदी तरुणांनाही, विचारायला लावते.

या पायाभूत मजकुराविषयी दोन मोठे वाद झाले. १९३० च्या दशकात ओग्युस्तँ जेनेस्तू यांनी असे मांडले की ‘गुरूची नियमावली’ नावाचा निनावी, लांबलचक मजकूर बेनेडिक्टच्या आधीचा असून बेनेडिक्टने त्यातून बरेच उचलले. तोवर उलटेच समजले जाई. स्वतः बेनेडिक्टाइन असलेल्या जेनेस्तू यांच्या या मताने संप्रदायात खळबळ उडाली. पुढे आदालबेर द व्होग्यूए यांच्या संपादनानंतर ते बहुतेकांनी स्वीकारले. दुसरा वाद बेनेडिक्टच्या चरित्राचा. त्याच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते जवळजवळ सगळे पोप ग्रेगरी यांच्या ‘संवाद’ या ग्रंथातून येते. तो ग्रंथ ग्रेगरींचा नव्हेच, असे फ्रान्सिस क्लार्क यांनी १९८७ मध्ये मांडले. बहुसंख्य अभ्यासकांना ते पटले नाही. तरी चमत्कारकथांच्या त्या ग्रंथावर चरित्र किती उभारावे, हा सावधपणा त्यानंतर कायमचा आला.

राजा, मठ आणि प्रार्थनेचे देणे

बेनेडिक्टची नियमावली लगेच सर्वमान्य झाली नाही. दोन-अडीचशे वर्षे मठ निरनिराळे नियम मिसळून वापरत होते. ८१६–८१७ मध्ये आखेन येथील सभांत फ्रँक सम्राट लुई आणि त्याचा सल्लागार, आनियानचा बेनेडिक्ट, यांनी साम्राज्यभर तीच एक नियमावली लागू करण्याचा प्रयत्न केला. म्हणजे पश्चिमेच्या मठजीवनाला एकसारखेपणा दिला तो राजसत्तेने.

८१९ च्या सुमाराची एक यादी याबाबत बोलकी आहे. तिच्यात साम्राज्यातील मठांचे तीन वर्ग पाडले आहेत : राजाला नजराणा आणि सैनिकी सेवा दोन्ही देणारे, फक्त नजराणा देणारे, आणि फक्त प्रार्थना देणारे. प्रार्थना हीसुद्धा राज्याला द्यायची सेवा होती. कार्ल श्मिड, योआखिम वोलाश आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी मठांच्या स्मरणवह्यांवर केलेले काम याच मुद्द्यावर उभे आहे. या वह्यांत ज्या जिवंत आणि मृत माणसांसाठी प्रार्थना करायची त्यांची नावे आहेत. रायखेनाऊ येथील वहीत सुमारे ३८,००० नावे भरतात. राजे, बिशप, दूरच्या मठांतील मठवासी, आसपासची घराणी, सगळे एका यादीत. कोण कोणाचा आप्त आणि कोण कोणाच्या पक्षात, हे या नुसत्या नावांच्या रांगांतून शोधून काढण्याचे कष्ट या मंडळींनी घेतले.

रायखेनाऊ येथेच सांक्ट गालेनच्या मठाधिपतीसाठी काढलेला एक आराखडा आजही उपलब्ध आहे. कातड्याचे पाच तुकडे शिवून केलेल्या त्या पटावर चर्च, निजायची जागा, दवाखाना, शाळा, भट्टी, गोठे, कोंबड्यांची खुराडी, औषधी वनस्पतींचे वाफे सगळे आखले आहे. ते बांधण्यासाठी होते की मनन करण्याजोगे आदर्श चित्र, यावर मतभेद आहेत. तसा मठ प्रत्यक्षात उभा राहिला नाही, एवढे मान्य आहे.

दिलेली जमीन पुन्हा देणे

मठ आणि त्याचे दाते यांच्या नात्याचा विषय फ्रान्समधील क्लूनी मठाच्या इतिहासात सर्वांत खोलवर गेला आहे. अ‍ॅक्विटेनचा ड्यूक विल्यम याने ९१० च्या सुमारास आपली जमीन संत पीटर आणि संत पॉल यांना अर्पण करून हा मठ स्थापला. स्वतःचा, वारसांचा किंवा कोणत्याही सत्तेचा तिच्यावर हक्क राहणार नाही, अशी अट घातली. पुढील दोन शतकांत क्लूनीच्या अधिकाराखाली शेकडो मठ आले, आणि १०८८ मध्ये सुरू झालेले तिथले तिसरे चर्च पश्चिम ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे ठरले. दोन नोव्हेंबरचा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस क्लूनीचा मठाधिपती ओदिलो याच्या काळात रुजला.

क्लूनीची दानपत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सहा खंडांत छापली गेली. त्यांची संख्या पाच हजारांच्या वर आहे. जॉर्ज द्युबी यांनी १९५३ मध्ये त्यांच्याच आधारे आसपासच्या माकोने प्रदेशातील समाजाचे चित्र रेखाटले. सरंजामी सत्ता कशी घडली, हा त्यांचा प्रश्न होता. मठ त्यांच्या दृष्टीने मुख्यतः साक्षीदार होता.

१९८९ मध्ये बार्बरा रोझेनवाइन यांनी तीच दानपत्रे वेगळ्या तऱ्हेने वाचली. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एखादे शेत कुणी मठाला देतो. काही वर्षांनी त्याचा मुलगा किंवा पुतण्या ते आपले म्हणून भांडतो. मठ कधी ते परत करतो, कधी हयातीपुरते वापरायला देतो. मग तेच घराणे तेच शेत पुन्हा दान करते. जमीन हे फक्त उत्पन्नाचे साधन असते तर हा व्यवहार वेडेपणाचा ठरला असता. रोझेनवाइन म्हणतात की या देवघेवीतून नाते टिकत होते. क्लूनीची जमीन संत पीटरची, म्हणून तिच्याशी शीव लागणे म्हणजे संताच्या शेजाराला जाणे. भांडण हाही त्या नात्याचाच एक भाग होता. स्टीफन व्हाइट यांनी पश्चिम फ्रान्समधील दानांना नातलगांची संमती का घेतली जाई, याचा जो अभ्यास केला तो याच दिशेचा आहे. मार्सेल मॉस यांच्या देणगीविषयक सिद्धान्ताची छाप दोन्हींवर स्पष्ट आहे.

यावरचे आक्षेपही वजनदार आहेत. एक, मठांना धान्य, मद्य आणि रोख पैसा लागत होता, आणि अनेक व्यवहार सरळ खरेदीचे किंवा गहाणाचे होते. सगळ्याला नात्याचा रंग दिला की कुळांच्या घामाचा हिशेब पुसला जातो. दोन, दानपत्रे जशी झाली तशी आपल्यापर्यंत आलेली नाहीत. पॅट्रिक गिअरी यांनी १९९४ मध्ये दाखवले की अकराव्या शतकातील मठवासीयांनी जुने कागद निवडले, नकलून घेतले, काही टाकून दिले, आणि आपल्याला हवा तो भूतकाळ रचला. तीन, दात्याने आपल्या आत्म्याच्या उद्धारासाठी देतो असे लिहिले असेल, तर ते किती खरे मानायचे? नात्यांच्या जाळ्याची भाषा बोलणारे अभ्यासक या वाक्याला बहुधा साचा समजून पुढे जातात. मला हा सर्वांत गंभीर आक्षेप वाटतो. साचा झालेले वाक्यही मनापासून उच्चारले जाऊ शकते, आणि नरकाचे भय त्या समाजात दुष्काळाइतकेच खरे होते.

दोमिनिक इयोन्या-प्रा यांनी १९९८ मध्ये आणखी एक बाजू पुढे आणली. क्लूनीचा मठाधिपती पीटर (११२२–११५६) याने कुराणाचा पहिला लॅटिन अनुवाद करवून घेतला. पाखंडी, यहुदी आणि मुस्लिम यांच्याविरुद्ध ग्रंथही लिहिले. आतल्यांना बांधणारी क्लूनी बाहेरच्यांची व्याख्याही करत होती.

देवाला वाहिलेली मुले

बेनेडिक्टच्या नियमावलीत मुलाला मठात अर्पण करण्याचा विधी आहे. आईवडील अर्ज लिहितात, तो आणि मुलाचा हात वेदीवरच्या वस्त्रात गुंडाळतात, आणि मुलाला वारशातून काही मिळणार नाही अशी शपथ घेतात. हे बंधन आयुष्यभराचे का? गॉटशाल्क नावाच्या सॅक्सन तरुणाने हा प्रश्न ८२९ मध्ये माइन्झच्या धर्मसभेपुढे नेला. आपल्याला लहानपणी फुल्डा मठात इच्छेविरुद्ध अडकवले, अशी त्याची तक्रार होती. सभेने त्याला मोकळे केले. मठाधिपती ह्राबानुस माउरुस याने सम्राटाकडे दाद मागितली आणि बालार्पणाच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला.

जॉन बॉसवेल यांनी १९८८ मध्ये बालार्पणाला मुले टाकून देण्याच्या व्यापक प्रथेत बसवले : नको असलेल्या, वाटणीत अडचण होणाऱ्या मुलांची सोय. मेके द योंग यांनी १९९६ च्या पुस्तकात याला विरोध केला. त्यांच्या मते मूल हे सर्वांत मोलाचे दान होते, बायबलमधील सॅम्युएलसारखे. देणारी घराणी बहुधा सधन होती आणि मुलाशी त्यांचा संबंध तुटत नसे, उलट मठाशी जुळे.

दोन्ही बाजूंनी एका माणसाची साक्ष काढता येते. ऑर्डरिक व्हिटॅलिस हा इंग्लंडच्या श्रॉपशरमधला मुलगा. १०८५ मध्ये, दहाव्या वर्षी, वडिलांनी त्याला समुद्रापार नॉर्मंडीतील सँ-एव्रूल मठात पाठवले, सोबत मठासाठी चांदी दिली. पुन्हा बापलेकांची भेट झाली नाही. साठी उलटल्यावर आपल्या प्रचंड इतिहासग्रंथाच्या शेवटी त्याने हे लिहिले आहे : रडणारे वडील, रडणारा मुलगा, भाषा न समजणारा परका देश. त्याच पानावर तो मठाने आपल्याला दिलेल्या प्रेमाबद्दल देवाचे आभार मानतो. बापाला तो दोष देत नाही. टाकून देणे आणि वाहणे यांतील फरक त्या मुलाला कितपत जाणवत असेल, हे त्याच्या शब्दांवरूनही ठरत नाही. बाराव्या शतकात सितो येथून निघालेल्या नव्या सिस्टर्शियन संप्रदायाने लहान मुले घेणे नाकारले आणि स्वेच्छेचा आग्रह धरला, तेव्हा ही प्रथा हळूहळू मागे पडली.

सितोचा वाद

१०९८ मध्ये मोलेमचा रॉबर्ट काही सोबत्यांसह सितो येथे गेला. नियमावली अक्षरशः पाळायची, हाताने कष्ट करायचे, गावांपासून दूर राहायचे, असा त्यांचा निर्धार होता. सितोच्याच बर्नार्डने १११५ मध्ये क्लेर्व्होचा मठ सुरू केला. तो ११५३ मध्ये वारला तेव्हा या सिस्टर्शियन संप्रदायाचे तीनशेहून अधिक मठ होते. ही झाली पाठ्यपुस्तकातली गोष्ट.

कॉन्स्टन्स बर्मन यांनी २००० मध्ये तिच्या मुळावर घाव घातला. संप्रदायाची सनद आणि स्थापनेची कथा हे मजकूर त्यांच्या मते बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचले गेले, म्हणजे ‘संप्रदाय’ नावाची संघटना शतकाच्या मध्यापर्यंत नव्हतीच. क्रिसोगोनस वॉडेल आणि ब्रायन पॅट्रिक मॅग्वायर यांनी हस्तलिखितांच्या आधारे कडक उत्तरे दिली. बर्मन यांची कालगणना फारशी कुणी स्वीकारली नाही. पण संघटना एका झटक्यात जन्मली नाही, ती दशकानुदशके घडत गेली, हे आता सहसा कुणी नाकारत नाही.

रान मोडून शेती करणारे मठवासी, या प्रतिमेलाही धक्का बसला. दक्षिण फ्रान्समधील कागदपत्रांवरून बर्मन यांनीच दाखवले होते की सिस्टर्शियनांनी बरीचशी आधीपासून कसलेली जमीन तुकड्या-तुकड्यांनी मिळवून एकत्र केली. ती त्यांनी स्वतःच्या शेतवाड्यांतून कसली. तिथे निरक्षर श्रमिक बंधू काम करत. गावे उठवून हे लोक स्वतःसाठी एकांत तयार करतात, असा आरोप बाराव्या शतकातच वॉल्टर मॅपने केला होता. तो सिस्टर्शियनांचा कट्टर द्वेष्टा होता, पण काही ठिकाणी गावे उठल्याचे पुरावे सापडतात.

भांडवलशाहीशी मठांचा संबंध हा आणखी एक धागा. शिस्तबद्ध, हिशेबी जीवनाचे मूळ माक्स वेबरला मठात दिसले. लुइस ममफर्ड यांनी १९३४ मध्ये घड्याळाच्या वेळेचे मूळ मठाच्या घंटेत शोधले. २०१७ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडच्या परगण्यांची आकडेवारी मांडून सिस्टर्शियन मठ आणि पुढील लोकसंख्यावाढ यांचा सांख्यिक संबंध दाखवला. संबंध दिसतो हे खरे. मठांनी श्रमनिष्ठा पसरवली की मठांनी आधीच चांगल्या जागा निवडल्या, हे आकड्यांवरून ठरवणे कठीण आहे. लोकर विकणारा मठवासी हा उद्योजकाचा पूर्वज, हे विधान मला आजच्या पुराव्याच्या पलीकडे जाणारे वाटते.

स्त्रियांचे मठ

या विषयात सर्वांत मोठा बदल इथे झाला आहे. आयलीन पॉवर यांच्या १९२२ च्या ग्रंथात इंग्लंडमधील स्त्रीमठ गरीब, अर्धशिक्षित आणि श्रीमंतांच्या अविवाहित मुलींची सोय म्हणून दिसतात. चित्र सूक्ष्म होते, पण उत्तर मध्ययुगातले, आणि मुख्यतः बिशपांच्या तपासणी अहवालांवर आधारलेले. तपासणीला येणारा माणूस दोषच लिहितो. पेनेलोपी जॉन्सन आणि ब्रूस व्हेनार्ड यांनी १९९० च्या दशकात फ्रान्स आणि इंग्लंडची दानपत्रे वाचून दाखवले की अकराव्या-बाराव्या शतकांत स्त्रीमठ झपाट्याने वाढले आणि समाजाने त्यांना भरभरून दिले. स्टीव्हन व्हँडरपुटन यांनी २०१८ मध्ये त्याआधीच्या दोन शतकांचा ‘अंधार’ही बऱ्याच अंशी नंतरच्या सुधारकांनी रंगवलेला असल्याचे मांडले.

बिंगेनची हिल्डेगार्ड (मृत्यू ११७९) सर्वांना ठाऊक आहे, पण ती अपवाद समजली जाई. जर्मनीतील डालहाइम येथील स्त्रीमठाच्या दफनभूमीतील एका स्त्रीच्या दातांच्या किटणात लाजवर्दाचे निळे कण सापडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अफगाणिस्तानातून येणारा हा महाग रंग हस्तलिखितांच्या चित्रकामात वापरला जाई, आणि ती स्त्री बाराव्या शतकाच्या आसपास वारली. रंगकामात कुंचल्याचे टोक तोंडात धरून सरळ केले जात असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. नाव न राहिलेल्या अशा किती स्त्रिया ग्रंथ लिहीत असतील, हा प्रश्न त्या दातांनी उभा केला.

१२९८ मध्ये पोप आठवा बोनिफेस याने सर्व मठवासी स्त्रियांना कायम चार भिंतींत राहण्याचा हुकूम दिला. तो किती पाळला गेला आणि त्याने स्त्रीमठांचे आर्थिक कंबरडे किती मोडले, यावर मते प्रदेशागणिक वेगळी आहेत.

ओहोटी आणि अंत

बाराव्या शतकात मठजीवनावर संकट आले, हे नॉर्मन कँटर यांचे १९६० मधील प्रतिपादन जॉन व्हॅन एंगन यांनी १९८६ मध्ये पारखून पाहिले. त्यांना जुने बेनेडिक्टाइन मठ त्या काळात भरभराटलेले आढळले. संकटाची भाषा मुख्यतः प्रतिस्पर्ध्यांची होती. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन भिक्षाव्रती शहरांत फिरू लागले. मठात स्थिर राहणाऱ्या बेनेडिक्टाइनांपासून हे संप्रदाय वेगळे. वसईच्या किल्ल्यात आणि जुन्या गोव्यात ज्यांचे अवशेष दिसतात ते फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन याच भिक्षाव्रती परंपरेतले.

इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये वार्षिक दोनशे पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाचे मठ बंद केले, आणि मार्च १५४० मध्ये शेवटचा उरलेला वॉल्थमचा मठही गेला. मठ आतून पोकळ झाले होते का? बार्बरा हार्वी यांनी वेस्टमिन्स्टरच्या हिशेबांतून दाखवलेला आहार श्रीमंत घरांना शोभणारा आहे, आणि तिथले दानधर्माचे खर्चही त्याच वह्यांत आहेत. इमन डफी यांनी १९९२ मध्ये जुन्या धर्माचे लोकांतील मूळ किती घट्ट होते ते मांडले. जेम्स क्लार्क यांच्या २०२१ च्या ग्रंथात अंताची आखणी आधीपासून नव्हती, तो टप्प्याटप्प्याने आणि बरेचदा तडजोडींतून घडला, असे दिसते. १५३६ मध्ये उत्तर इंग्लंड मठांसाठी बंड करून उठला, तर त्याच काळात अन्यत्र शेजाऱ्यांनी मठांचे दगड आणि छपराचे शिसे उचलून नेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

उरलेले प्रश्न

कुळांचा प्रश्न बराचसा उघडा आहे. दानपत्रांत शेतासोबत माणसेही नावानिशी दिलेली दिसतात, पण त्यांचे म्हणणे कुणी लिहून ठेवले नाही. उत्खनन आणि हाडांच्या अभ्यासातून इथे काही हाती लागेल. तुलनेचा प्रश्नही आहे. अथोस पर्वतावर ९६३ मध्ये सुरू झालेली महामठाची परंपरा आणि एकूण बायझंटाइन मठजीवन यांत क्लूनी किंवा सितोसारखे संप्रदाय नव्हतेच, प्रत्येक मठाची सनद वेगळी. तरी पश्चिमेचा इतिहास लिहिणारे पूर्वेकडे क्वचित पाहतात. इलाना सिल्बर यांनी थेरवाद बौद्ध संघाशी केलेली तुलना अजून एकाकी वाटते. आणि श्रद्धेचा प्रश्न सर्वांत अवघड. मठ समाजात किती खोल गुंतला होता हे आता सिद्ध झाले आहे. ज्या प्रार्थनेसाठी समाज त्याला पोसत होता, ती प्रार्थना समजून घेण्याचे काम मागे पडले आहे, आणि पुढच्या पिढीने ते आधी हाती घ्यावे असे मला वाटते.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने सुरुवात अभ्यासकांच्या ग्रंथांपासून करू नये. आधी बेनेडिक्टची नियमावली वाचावी. ती छोटी आहे. मग ऑर्डरिकचे शेवटचे प्रकरण, आणि त्यानंतर नोल्स आणि रोझेनवाइन एकामागून एक. दोघांपैकी एकच वाचला, तर चित्र अर्धे राहील.